कऱ्हेकाठी दोन मुक्काम

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी फ्लॉरेन्स या इटलीतील जुन्या नगरीत तीन रात्री काढल्या होत्या. दान्तेचे म्हणून तिथे जे घर दाखवितात ते विसाव्या शतकाच्या आरंभी, त्याच्या कुटुंबाची घरे ज्या भागात होती तिथे, अंदाजाने उभारलेले आहे. खुद्द कवीला नगराने १३०२ साली हद्दपार केले. १३२१ मध्ये तो राव्हेन्ना येथे वारला आणि त्याच्या अस्थीही तिथेच आहेत. त्या घरापेक्षा आमच्या मनात राहिला तो मेदिची घराण्याचा वाडा. १४४४ मध्ये बांधायला घेतलेला हा भक्कम दगडी वाडा पेढीवाल्यांचा. पुढे त्यात सरकारी कचेऱ्या आल्या. याच घराण्यातील लोरेन्झोच्या आश्रयाला पोलित्सियानो हा कवी होता आणि धन्याच्या मुलांना शिकविण्याचे कामही त्याच्याकडे होते. वाड्यासमोर उभे असताना आमच्यापैकी एकाने सहज विचारले, सावकाराच्या पदरी राहून मोठा झालेला आपला कवी कोण? दुसरीने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, मोरोपंत. आणि गाव बारामती.

तेव्हा लक्षात आले की पुण्याहून जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या या गावातून आम्ही अनेकदा गेलो, पण तिथे एक रात्रही राहिलो नव्हतो. आमच्यातील एक मराठी वाङ्मय शिकवीत आली आहे, दुसरा अर्वाचीन इतिहास. दोघांच्याही व्याख्यानांत हा प्रदेश दरवर्षी येतो. तिच्या तासाला बारामती म्हणजे ‘केकावली’ आणि आर्या; त्याच्या तासाला याच तालुक्यातील सुपे म्हणजे १८७५चा शेतकऱ्यांचा उठाव आणि शेजारचे इंदापूर म्हणजे जमीनमोजणी. एकाच घरात राहून, एकाच मुलखाविषयी आम्ही दोन वेगळ्या गोष्टी सांगत आलो आणि त्यांची गाठ कधी घातली नाही, ही गोष्ट आम्हां दोघांनाही थोडी लाजिरवाणी वाटली. म्हणून गेल्या माघात दोन मुक्कामांच्या बेताने आम्ही निघालो.

सासवड-जेजुरीवरून मोरगावला आलो. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला जिचे नाव दिले ती कऱ्हा इथून पुढे बारामतीकडे जाते. ब्रह्मदेवाच्या कमंडलूतून ती निघाली अशी समजूत असल्याने जुन्या ग्रंथांत ती ‘ब्रह्मकमंडलू’ होते. कऱ्हा या शब्दाचा अर्थही तोच, पाण्याचे भांडे. भांड्याच्या मानाने नदीत पाणी थोडेच होते. मोरगावचा देव मयूरेश्वर. प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणारा मोरेश्वर रामचंद्र पराडकर हा कवी स्वतःला ‘मयूर’ म्हणवतो आणि आपल्या आर्त स्तोत्राला मोराच्या केकांची ओळ म्हणतो. कवीचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्याला झाला, तेव्हा नावाचा आणि मोरगावचा संबंध आम्ही लावणार नाही. पण नदीकाठच्या गाडीरस्त्याने जाताना तो मनात आल्याशिवाय राहिला नाही, एवढे खरे.

मोरगावहून सुप्याला वाकडी वाट केली. सुपे हे शहाजीराजांच्या पुणे जहागिरीतील परगण्याचे ठाणे. इंदापूरही त्याच जहागिरीत होते. संभाजी मोहिते यांच्याकडून हे ठाणे शिवाजीमहाराजांनी घेतले ती कथा सर्वांना ठाऊक आहे. आम्ही आलो होतो ते दुसऱ्या कारणाने. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. धान्य लुटले गेले, काही घरांना आग लागली. परंतु जमावाचा मुख्य रोख होता तो वह्यांवर, कर्जरोख्यांवर आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांवर. ते बाहेर काढून जाळले गेले. पुढील काही दिवसांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्यातील एक निरीक्षण फार बोलके आहे: ज्या सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. लोकांना हवा होता तो कागद.

कागदाला ही जरब नवी आली होती. पेशवाईतही सावकारी होती आणि ती काही दयाळू नव्हती. पण वसुलीसाठी सावकाराला गावाच्या संमतीवर, पंचायतीवर, धरणे धरण्यावर अवलंबून राहावे लागे आणि व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा दंडक निदान सांगण्यापुरता तरी होता. इंग्रजी न्यायालये आली आणि रोख्यावर जे लिहिले तेच खरे ठरू लागले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली ती कुळाच्या हिताची म्हणून. झाले असे की दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा पायंडा पडला. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा उठवायचा. १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे किती होते हे पाहण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा. त्यातील कोर्टकचेरीची आणि लेखणीवाल्यांची वर्णने सुप्यात उभे राहून आठवावीत, त्यांचा सूर वेगळाच ऐकू येतो.

सुप्याच्या बाजारात त्या दिवसाची खूण आम्हांला काही दिसली नाही. दिसेल तरी कशी? जी वस्तू जळून गेली तिचे स्मारक कशाचे करायचे? चहाच्या टपरीवरच्या वृद्ध गृहस्थांनी मात्र आम्ही कशासाठी आलो हे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “गुरुजी, त्यात कोणाचं कर्ज फिटलं का?” इतिहास शिकविणाऱ्याने थोडे लांबलचक उत्तर दिले. त्यांना ते पटलेले दिसले नाही.

संध्याकाळी बारामतीत पोहोचलो. आजची बारामती ऊस, कारखाने, शिक्षणसंस्था आणि राजकारण यांची. ती वर्तमानपत्रांतून सर्वांच्या परिचयाची आहे आणि तिच्याविषयी इथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. तरी एक गोष्ट विसरता येत नाही. ही हिरवळ कालव्याची आहे. १८७६-७७च्या दुष्काळाने हा मुलूख भाजून निघाला आणि त्यानंतरच्या दशकांत नीरा डाव्या कालव्याचे पाणी इथे आले. श्रीधर आणि मोरोपंत ज्या बारामतीत राहिले ती पावसाच्या मेहेरबानीवर जगणारी कोरडवाहू बारामती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी गेलो. काशीविश्वेश्वराच्या देवळात बसून श्रीधरस्वामी नाझरेकरांनी ‘शिवलीलामृत’ रचले असे मानतात. स्थळाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, कारण ग्रंथाच्या शेवटी कवीनेच ब्रह्मकमंडलूचा तीर, द्वादशमती हे नगराचे नाव आणि शके १६४० ही नोंद करून ठेवली आहे. द्वादशमती म्हणजे बारामती. इसवी सनाप्रमाणे हे १७१८ साल. ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे मोठे ग्रंथ तोवर झालेले होते. कवी साठीच्या घरात होता. श्रीधर १७२९ मध्ये वारला आणि त्याच वर्षी मोरोपंत जन्मला. वाङ्मयेतिहास शिकविणाऱ्याला असे योगायोग फार आवडतात, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. दोघांतील अंतर मात्र पाहण्यासारखे आहे. श्रीधराची ओवी कोणाच्याही ओसरीवर वाचता येते. ज्या बायका एक अक्षरही लिहीत नव्हत्या त्यांना अकरावा अध्याय पाठ होता, आजही असतो. सुप्याच्या बाजारात जमलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी हा ग्रंथ श्रावणात ऐकला जात असेल, असे मानायला काहीच हरकत नाही.

तिथून बाबूजी नाइकांच्या वाड्याकडे वळलो. कऱ्हेच्या काठावरचा हा वाडा भुईकोटासारखा आहे: बुरूज, उंच भिंती आणि भारदस्त दरवाजा. यातही दीर्घकाळ सरकारी कचेऱ्या होत्या. फ्लॉरेन्सची आठवण होणे अपरिहार्य होते. पण साम्य आहे ते दगडात नाही, घराण्याच्या व्यवसायात आहे. सदाशिव ऊर्फ बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांचे सोयरे. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई ही त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना दिलेली. आणि सोयरे असून सावकारही. पहिल्या बाजीरावाच्या मोहिमा कर्जावर चालत आणि त्या कर्जाचा मोठा वाटा या घराण्याचा होता. १७४० मध्ये बाजीराव वारला तेव्हा रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजी नाइकांचे नाव पुढे केले. शाहूमहाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली हे खरे. परंतु धनको आपल्या ऋणकोच्या गादीवर हक्क सांगण्याइतका मोठा होतो, ही घटना मराठ्यांच्या अर्थव्यवहाराविषयी पुष्कळ सांगून जाते. नाइकांचे कर्जदार सुप्यातील शेतकऱ्यांसारखे नव्हते, ते राज्यकर्ते होते. तरी राज्यकर्ता कर्ज फेडतो कशातून? महसुलातून. म्हणजे वाट शेवटी शेतातच जाते, फक्त लांबच्या वळणाने.

मोरोपंतांचे वडील रामजीपंत या घराण्याच्या पदरी होते. पन्हाळ्यास पाध्ये गुरूंपाशी शास्त्रे शिकून तरुणपणीच मोरोपंत बारामतीस आले आणि १७९४च्या चैत्री पौर्णिमेस देह ठेवीपर्यंत इथेच राहिले. चाळीस वर्षांहून अधिक काळ, एक गाव, एक आश्रय. नाइकांकडे पुराण सांगायचे आणि उरलेल्या वेळात लिहायचे. या काळात झालेले काम पाहिले म्हणजे छाती दडपते. ‘आर्याभारत’च सतरा हजारांच्या आसपास आर्यांचे. त्याखेरीज ‘कृष्णविजय’, ‘मंत्रभागवत’, ‘हरिवंश’, शिवाय एकशे आठ रामायणे. त्यांतील एक ‘निरोष्ठ’, म्हणजे ओठ ओठांना न लावता उच्चारता येणाऱ्या वर्णांतच रचलेले. प, फ, ब, भ, म वर्ज्य करून रामाची कथा सांगायची म्हणजे ‘राम’ हा शब्दच वापरता येत नाही! विद्यार्थी हे ऐकून हसतात. हसू द्यावे, मोरोपंतही ते रचताना हसत असावेत.

नदीकाठच्या पायरीवर आमचे भांडण झाले ते इथेच. इतिहासवाल्याचे म्हणणे असे की आर्येतील हा मोजमापाचा सोस कारकुनी घरातून आणि सावकारी वाड्यातून आला आहे. प्रत्येक अर्धात तीस मात्रा, ना एक कमी ना एक जास्त, सतरा हजार वेळा. ही हिशेबनिसाची शिस्त आहे. खतावणी लिहिणारा हात आणि आर्या लिहिणारा हात एकाच ओसरीवर बसत होते. मराठीवालीला हे मुळीच पटले नाही. मात्रा मोजणे ही काही बारामतीची मिरास नाही, ते वृत्त संस्कृत-प्राकृतातून आलेले आहे. आणि आश्रयदात्याला खूश करायचे तर एक रामायण पुरे होते, एकशे आठ कोणी कशाला करील? धन्याची स्तुती करून पोट भरणाऱ्याने देवासमोर जे मागितले ते वाचावे, असे तिने बजावले. ‘केकावली’ उतारवयातील. एकशे एकवीस पद्ये, बहुतेक पृथ्वी वृत्तात. त्यात आर्येचा नेमस्त तोल नाही. कवी गयावया करतो, हुज्जत घालतो, देवाला त्याच्या ब्रीदाची आठवण करून देतो. शाळांच्या प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेलेली सत्संगाची मागणी याच काव्यातील. तिथे ती सुटी म्हटली जात असल्याने तिच्यामागची कासाविशी ऐकू येत नाही.

तिचे म्हणणे खरे आहे. पण ‘केकावली’ पुन्हा वाचताना आम्हांला असेही वाटले की इथे बोलतो आहे तो दारात उभा राहून विनवणी करायची रीत ठाऊक असलेला माणूस आहे. मोठ्या दरवाजाच्या आत वर्षानुवर्षे बसलेल्याने बाहेर उभ्या असलेल्यांची भाषा रोज ऐकली असणार. हा आमचा तर्क, पुरावा नाही. वर्गात तो तर्क म्हणूनच मांडावा.

मोरोपंतांची आर्या वाड्यात अडकून राहिली असेही नाही. सोलापूरचे शाहीर राम जोशी बारामतीस आले, पंतांनी त्यांची कवने ऐकली आणि पुढे शाहिराने डफ ठेवून पंतांच्या आर्यांवर कीर्तने केली, अशी आख्यायिका आहे. तपशील सोडून देऊ. पंडिताची रचना बाजारातल्या माणसापर्यंत गेली ती अशा गळ्यांतून गेली, हे त्या आख्यायिकेतील सत्य कोणी नाकारणार नाही.

मोरोपंतांच्या छापील कीर्तीचा काळ मात्र आम्ही यापूर्वी कधी सुप्याशेजारी ठेवून पाहिला नव्हता. दादोबा पांडुरंगांची ‘केकावली’वरील ‘यशोदापांडुरंगी’ टीका १८६५ची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात त्यांनी मोरोपंतांच्या कवितेची जोरदार बाजू घेतली. साने, मोडक आणि शाळिग्राम यांचा ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८चा. दंग्यांचा अहवाल पार्लमेंटपुढे गेला तेच साल. पुण्यातील सुशिक्षित मंडळी जुने कागद शोधून काढण्यासाठी वाड्यावाड्यांतून हिंडू लागली तेव्हा त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपल्यावरचे कागद जाळून तीन वर्षे झाली होती. पहिल्या मंडळींचे आपण ऋणी आहोत. त्यांनी ते केले नसते तर आम्ही काय शिकविले असते? पण कागद जपण्याची ऐपत आणि कागदाची भीती या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच मुलखात नांदत होत्या, हे आमच्या वाङ्मयेतिहासांत कुठे येत नाही. लक्ष्मण रामचंद्र पांगारकरांचे १९०८चे मोरोपंत-चरित्र आजही आदराने वाचावे असे आहे, आणि त्यातही ते येत नाही.

तिसऱ्या दिवशी इंदापूर. काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी असा हा पालखीमार्ग. तुकोबांची पालखी देहूहून पंढरीस जाताना बारामती आणि इंदापूर येथे मुक्काम करते, काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते. माघात या वाटेवर उसाच्या गाड्याच गाड्या होत्या. तुकोबा स्वतः सावकारी असलेल्या घरातले. वडिलांनी लोकांना दिलेल्या कर्जाचे कागद त्यांनी आपल्या वाट्यापुरते इंद्रायणीत सोडून दिले, भावाचा वाटा भावाला दिला, असे चरित्रकार सांगत आले आहेत. अभंगांच्या वह्या बुडून वर आल्या ही कथा आपण नेहमी सांगतो. कर्जाच्या वह्या बुडाल्या त्या वर आल्या नाहीत, याचा उच्चार आपण क्वचित करतो.

इंदापूरचा जुना संबंध मालोजीराजे भोसल्यांशी. इथल्या लढाईत ते पडले असे मानतात. आमच्या दृष्टीने गावाचे दुसरे महत्त्व असे की मुंबई इलाख्याची जमीनमोजणी इथे जन्माला आली. प्रिंगल याची १८३० सुमाराची आकारणी इतकी अव्यवहार्य ठरली की शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम आरंभले. साखळीने प्रत्येक शेत मोजायचे, त्याला नंबर द्यायचा, मातीचा रंग आणि खोली पाहून तिची प्रत आण्यांत ठरवायची, आणि तीस वर्षे आकार बदलायचा नाही. आपल्या सातबाऱ्यावरच्या सर्व्हे नंबराची वंशावळ इथवर जाते. प्रारंभी या आकारणीने शेतकऱ्याला खरोखर दिलासा मिळाला. तीस वर्षांनी, १८६७ मध्ये, फेरआकारणीही इंदापुरातच पहिली झाली. मधल्या काळात रेल्वे आली होती, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते. त्या तेजीच्या चष्म्यातून जमीन पाहिली गेली आणि सारा बराच वाढला. युद्ध १८६५ मध्येच संपले होते. भाव उतरले, सारा उतरला नाही. सुप्याच्या बाजारातील तो दिवस केवळ याच कारणाने उगवला असे म्हणता येणार नाही. त्यावर इतिहासकारांत वाद आहेत आणि ते वाद विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावेत.

इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते. कऱ्हा सोनगावापाशी आधीच नीरेत मिसळलेली असते; तेव्हा मोरगावचे, बारामतीचे जे काही पाणी उरले असेल ते इथवर येते. संगमाच्या घाटावर बराच वेळ बसलो. पुढील वर्षीच्या ‘केकावली’च्या पहिल्या तासाला सुप्याविषयी बोलायचे असे मराठीवालीने ठरविले आहे, कवितेआधी नव्हे, नंतर, अशी तिची अट आहे. इतिहासवाल्याने दंग्यांच्या व्याख्यानात एक आर्या वाचून दाखवायचे कबूल केले. कोणती, यावर एकमत झाले नाही.

परतताना सोलापूर-पुणे रस्त्याने आलो. उजनीच्या जलाशयात पळसदेवचे जुने देऊळ बुडालेले आहे. दुष्काळी वर्षी, उन्हाळा टिपेला गेला म्हणजे ते उघडे पडते. माघात पाणी पुष्कळ होते. रस्त्यावर गाडी थांबवून आम्ही पाहिले; नुसते पाणी होते. भिगवणला चहा घेतला आणि वैशाखात पुन्हा यायचे ठरविले.